विटांच्या भिंतीवर विटांचा कागद

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी थोरल्यानं घराला 'इंटिरिअर' करायचं काढलं. घर बांधून चार वर्षं झाली होती. स्लॅबचं घर, आतून-बाहेरून गिलावा, खाली चकचकीत फरशी. मला वाटत होतं, घर झालं. पण त्याचं म्हणणं, घर रिकामं दिसतंय. मग सोलापूरहून एक पोरगा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पाटीएवढा मोबाइल. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, छताकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, ही समोरची भिंत आपण हायलाइट करू. रस्टिक लुक देऊ."

रस्टिक म्हणजे काय ते मला कळेना. त्यानं पाटीवर बोट फिरवून चित्र दाखवलं. चित्रात उघड्या विटांची भिंत होती. मी म्हटलं, "म्हणजे गिलावा खरवडायचा?"

तो हसला. "नाही काका, कागद येतो. विटांचा. वरून चिकटवायचा."

मंडळी, त्या भिंतीच्या विटा मी स्वतः भट्टीवर उभं राहून मोजून घेतल्यात. फुटक्या बाजूला काढल्यात. बांधकामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंय. त्या विटा झाकायला गिलाव्याचे पैसे दिले. गिलावा झाकायला पुट्टीचे दिले. पुट्टी झाकायला रंगाचे दिले. आणि आता रंग झाकायला विटांचं चित्र! चार वेळा पैसे मोजून आम्ही परत विटांपाशीच येणार होतो, आणि त्याही कागदाच्या.

सगळ्याचा आकडा पावणेचार लाख निघाला. छताला पीओपी, त्यात लपवलेल्या दिव्यांच्या पट्ट्या, टीव्हीच्या मागं लाकडासारखी दिसणारी फळी, काचेचं शोकेस. आणि कोपऱ्यात एक 'अँटिक कॉर्नर'. त्या कॉर्नरमध्ये काय काय मांडायचं त्याची यादी होती. एक कंदील, एक पितळेची घागर, एक लहानसं जातं. कंदिलाची किंमत दोन हजार आठशे. आमच्या परड्यात दोन कंदील गंजत पडले होते, एक तर कुत्र्याच्या पिलांनी लोळवून लोळवून चेपवला होता. मी तो आणून पोराच्या पुढं ठेवला. तो म्हणाला, "काका, याला फिनिशिंग नाही."

मी भांडलो. नाही कशाला म्हणू? पावणेचार लाखांपैकी तीन लाख हप्त्यावर घ्यायचे होते. आमच्या डाळिंबाच्या बागेतलं ठिबक कुजलंय, जागोजाग चिंध्या बांधून चालवतोय. म्हटलं, ते आधी बदल. थोरला म्हणाला, "अण्णा, ठिबक कुणाला दिसतं? उद्या पोरीचं लग्न जमवायला पाहुणे येतील, ते बैठकीत बसतील. बागेत नाही बसणार."

त्याचं हे म्हणणं मी आजवर विसरलो नाही, कारण ते खोटं नव्हतं. माझा राग पोरावर नाही. इंटिरिअरवाल्या पोरावरही नाही, तो बिचारा त्याचं पोट भरतोय. माझा राग आहे तो आपलं घर रिकामं आहे असं आपल्याला वाटायला लागलं त्याच्यावर. हे कुणी शिकवलं आपल्याला? कधी शिकलो?

माझ्या आईचं घर कधी रिकामं नव्हतं. आणि तिनं घरासाठी शोभेची वस्तू म्हणून विकत घेतलेली मला एकही आठवत नाही.

आमचं घर माळवदाचं होतं, मंगळवेढ्याच्या बाजूला सगळी तशीच असायची. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या आणि पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आत उन्हाळ्यात डोकं थंड राहायचं. खिडक्या नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. माळवदाला झरोका होता, त्यातून उन्हाचा एक गोल तुकडा खाली पडायचा आणि दिवसभर घरातून फिरायचा. सकाळी उतरंडीवर, दुपारी जात्यापाशी, कलती झाली की देवळीत. आई त्यावरून वेळ सांगायची. आता माझ्या घरात छतात अठरा दिवे लपवून बसवलेत. अठरांपैकी एकही जागचा हलत नाही.

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, खाली सगळ्यात मोठं, वर जाईल तसं लहान. एकात डाळ, एकात हुलगे, एकात मीठ, वरच्या बारक्यात बी-बियाणं. कुणी ती शोभेसाठी रचत नव्हतं, जागा कमी म्हणून रचत होते. पण आईनं प्रत्येक मडक्याच्या गळ्याला चुन्याची बोटं ओढली होती. भिंतीला पांढऱ्या मातीचं पोतारं, खाली हातभर कावेचा तांबडा पट्टा. हा पट्टाही शोभेचा नव्हता. खाली शेणाचे शिंतोडे उडतात, पोरं पाय टेकतात, तिथला मळ दिसू नये म्हणून तांबडा. पण पांढऱ्याला तांबड्याचा काठ लागला की भिंत लुगड्यासारखी दिसायची. काठाच्या वर बोटानं ठिपके देताना आई गुणगुणायची. ते ठिपके कशासाठी होते? ते मात्र कशासाठीच नव्हते. ते तिचे होते.

बाहत्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आईच्या मांडणीवर पितळेची भांडी होती, तिच्या माहेरची. दोन हंडे, घागरी, तांबे, एक परात. चिंचेनं घासून ती अशी उभी करायची की दारातून येणाऱ्याला आधी तेवढंच दिसावं. त्या वर्षी ती सगळी एकेक करून मोडीत गेली. परात शेवटी गेली. मांडणी मोकळी झाली. आई आणि वडील दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, खाणं म्हणजे तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी. हाताला चिरा पडायच्या.

आणि एका संध्याकाळी कामावरून आल्यावर आईनं वाण्याकडून पुड्या बांधून आलेले वर्तमानपत्राचे कागद काढले, हातानं सपाट केले, घड्या घातल्या आणि कातरीनं कापायला बसली. घडी उलगडली की चौकटीचौकटीची नक्षी, खाली त्रिकोणांची झालर. ती मोकळ्या मांडणीच्या प्रत्येक फळीला भाताच्या चिकीनं लावली. वर मांडायला काही नव्हतं. ॲल्युमिनियमची दोन पातेली होती, ती मांडली. वडील म्हणाले, "आगं, खायला न्हाई आन् हे काय करत बसलीस?" ती काही बोलली नाही. पण मोकळी मांडणी आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढं नको, एवढं मला त्या वयातही कळलं होतं. पावसाळा येईपर्यंत ती झालर होती. कागदावरच्या बातम्या मी उलट्या मान करून वाचायचो. वाचायची गोडी मला तिथून लागली म्हटलं तरी चालेल.

आता मला कुणी 'कमी खर्चात घर कसं सजवावं' असं विचारलं, तर मी त्या कातरीपासून सुरू करीन. पैसे संपल्यावर सजावट संपते असं ज्याला वाटतं, त्यानं दुकानाच्या बाहेर घर पाहिलेलंच नाही.

सण आला की घराला वेगळं काही आणावं लागत नव्हतं, रानातलंच आत यायचं. ज्वारीची पहिली कणसं गुंफून दाराला बांधायची, चिमण्या येऊन टिपायच्या. दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळून पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच. पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव, त्यांच्या डोक्यावर फुलं. पंचमीला भिंतीवर नाग. वाकळ तर प्रत्येक घरात. आजीचं फाटलेलं इरकली लुगडं वर, खाली आजोबांचं धोतर, मध्ये पोरांची कापडं, कडेला चोळीच्या खणाचे तुकडे. चार बाया मिळून टाके घालायच्या आणि कुणाचा तुकडा कुठला ते सांगत बसायच्या. माझ्या अंगावरच्या वाकळीत वारलेल्या आत्याची चोळी होती. ती वाकळ म्हणजे आमच्या घराण्याचा फोटोच होता, फक्त पांघरता येणारा.

हे वाचून शहरातला वाचक म्हणेल, व्वा, किती सुंदर, का सोडलं मग? खरं तेच सांगितलं पाहिजे. मी हे लिहितोय हे कळल्यावर आमच्या घरच्यांनीच मला धारेवर धरलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. "सारवण-सारवण लिहिताय, पर शेण कोण गोळा करत हुतं ते लिव्हा की. दर आठ दिसाला गुडघ्यावर बसून आख्खं घर सारवायचं. पोटुशी आसताना सारवलंय म्या. पांढऱ्या मातीच्या पाट्या डोस्क्यावरनं आणल्यात. तुमी आयत्या सारवलेल्यावर पाट मांडून बसायला हुता. मला ही फरशी ग्वाड वाटती, तिला हात लावू नका."

फरशीला मी हात लावणार नाही. हिचं म्हणणं पूर्ण खरं आहे. जुन्या घराचं गुणगान गाणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यातले बहुतेक सारवण वाळल्यावर घरात आलेले असतात. मीही त्यातलाच.

दुसरं कारण याहून मोठं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती, आणि पहाटे किल्लारीची जमीन हलली. आमच्याकडंही मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही उघड्यावर पळालो. दुसऱ्या दिवसापासून जे ऐकलं-वाचलं त्यानं प्रत्येकाच्या पोटात गोळा आला. हजारो माणसं गेली होती, आणि ती आमच्यासारख्याच घरांत गेली होती. जाड दगडमातीच्या भिंती, आणि माथ्यावर वर्षानुवर्षं गळती बुजवायला टाकत आलेले मातीचे थर. ज्या मातीनं आम्हाला थंड ठेवलं तिनंच तिकडं माणसं गाडली. त्यानंतर माळवदाखाली झोप लागेना. ज्याला जमलं त्यानं माळवद उतरवलं, पत्रा टाकला, पुढं स्लॅब टाकला. या माणसांना "तुम्ही परंपरा सोडली" असं म्हणायची माझी छाती नाही. मीही उतरवलं.

पण उतरवताना मी जे केलं ते मात्र सांगितलं पाहिजे, कारण त्याला भूकंप जबाबदार नाही.

आमच्या ढाळजेला सागवानी दार होतं. चौकटीवर मधोमध गणपती, दोन्ही अंगांनी वेल, वेलाला पोपट. पणजोबांनी करवून घेतलं होतं असं सांगायचे. माळवद उतरवलं तेव्हा तुळया, खांब, दार सगळं अंगणात पडलं होतं. जुनं सामान घेणारा एक माणूस टेंपो घेऊन गावोगाव हिंडत होता. भूकंपानंतर असे बरेच हिंडले, त्यांना कळलं होतं की आता घरं मोडणार. त्यानं दाराकडं बघितलंसुद्धा नाही, आधी तुळयांचा भाव केला. मग जाता जाता म्हणाला, "हे दार पण टाकतो, कीड लागलीय, अडीच हजार देतो." कीड लागली नव्हती. मला ठाऊक होतं लागली नव्हती. तरी मी दिलं. पैशाची नड होती हे खरं, पण खरं कारण दुसरंच होतं. मला नवीन दार पाहिजे होतं. शेजाऱ्यानं बसवलं होतं तसं सपाट, गुळगुळीत, सनमायकाचं. ते मी बसवलं. दोन पावसाळ्यांत ते फुगलं आणि लागेनासं झालं.

आई तेव्हा होती. टेंपोत दार चढवताना ती उंबऱ्यावर कुंकू वाहायला आली. तर उंबराही टेंपोत चढला होता.

पुढं मुलगी पुण्याला दिली. तिच्याकडं गेलो असताना जावयानं एका फर्निचरच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथं जुन्या दाराला आडवं पाडून, वर काच टाकून टेबल केलं होतं. किंमत अडतीस हजार. मी खाली वाकून बघायला लागलो. दुकानातल्या माणसाला वाटलं काका गिऱ्हाईक आहेत. मी खूण शोधत होतो. ते आमचं नव्हतं, त्याच्यावर मोर होते. पण कुणाचं तरी होतंच ना? कुठल्या तरी म्हातारीनं त्याला दर दिवाळीला तेल पाजलं असेल. आता त्याच्यावर चहाचे कप ठेवायचे.

हा व्यवहार बघा कसा आहे. आधी आपल्याला सांगायचं की तुमचं जुनाट आहे, गावठी आहे, टाकून द्या. आपण लाजून टाकून देतो, वर दोन रुपये मिळाले म्हणून खूश होतो. मग तेच धुऊन-पुसून, इंग्रजी नाव लावून, दहापट किंमत करून परत आपल्याच पोरांना विकायचं. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत जा. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीला सूप आणि टोपली टांगलेली, जात्याच्या तळीवर हात धुवायचा साबण. गुळेदगुडच्या खणाच्या चोळ्या आमच्या बायकांनी अंगावर घातल्या तर त्या अडाणी. आता त्याच खणाच्या उशा, त्याच खणाचे दिव्याचे झुंबर. वारल्यांच्या चित्रांचंही तेच. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढायच्या, ते झाल्याशिवाय लग्न लागत नसे. जिव्या सोमा मशे यांना त्या चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, मानाची गोष्ट झाली. पण मुलीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बघतो तर तारपा नाच पडद्यावर, कपावर आणि पायपुसण्यावर. पायपुसण्यावर! ज्यानं ते छापलं त्याला त्या नाचाचं काय ठाऊक?

मी बाजाराच्या विरुद्ध नाही, हेही लिहून ठेवतो. गरिबाच्या घरात बाजारातून रंग यायचाच. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती आमच्यासारख्यांच्या भिंतीवर येऊन बसल्या. त्याआधी एवढी रंगीत लक्ष्मी फक्त राजवाड्यात होती. आमच्याकडं खताच्या दुकानाची कॅलेंडरं यायची. वर्ष संपलं की खालच्या तारखा कापून वरचा देव काचेत बसवायचा, रुपया-दोन रुपयांत काम. बहिणींनी काचेच्या नळ्यांचं तोरण ओवलं होतं, त्यात 'सुस्वागतम' असं लिहिलं होतं, त्यातला 'स्वा' उलटा झाला होता. तो शेवटपर्यंत उलटाच राहिला आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर हसून मगच आत यायचा. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून जो रंग उरायचा त्यानं दाराच्या कड्या आणि कोनाड्याच्या कमानी रंगायच्या. एखाद्या वर्षी निळ्या, एखाद्या वर्षी गुलाबी, बैलांना जो मिळेल तो. याला काय म्हणाल? विकत घेतलेला रंगच होता की. पण तो आमच्या हातून गेलेला होता. भिंतीकडं बघून त्या वर्षीचा बेंदूर आठवायचा.

कधी तरी शेतकऱ्यांच्या सहलीतनं वर्ध्याला गेलो होतो, तेव्हा सेवाग्राम बघितलं. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले, तेव्हा घराला पाचशे रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान जवळपासचंच वापरा अशी त्यांची अट होती. बापूकुटीत मी वाकून शिरलो आणि भिंतीकडं बघत राहिलो. मातीच्या भिंतीवर मातीतच उठवलेली खजुरीची झाडं, आणि चरखा. मीराबेननी केलेलं ते काम. ही बाई इंग्लंडच्या आरमारातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तिनं विलायतेतले महाल बघितले असतील. भिंत सजवायची वेळ आली तेव्हा तिनं रोज डोळ्यांपुढं दिसणारं झाड घेतलं आणि रोज हाताखाली चालणारा चरखा घेतला. खर्च शून्य. आमच्यातला एक जण म्हणाला, "एवढंच? हे तर आमची म्हातारी करत हुती." मी म्हटलं, तेच तर बघायला एवढ्या लांब आलोय आपण, तिकीट काढून.

आता आमच्या घरात शेवटी काय झालं ते सांगतो. मी जिंकलो नाही. विटांचा कागद लागला. अठरा दिवे लागले. थोरल्याचा शब्द गेला होता, आगाऊ पैसे दिले होते. पण शोकेस आणि अँटिक कॉर्नर राहिला, आणि तो माझ्या भांडणानं नाही, सूनबाईच्या हिशेबानं राहिला. तिनं हप्ता काढून दाखवला आणि म्हणाली, "एवढ्यावर थांबवा. तो कोपरा मी बघते."

तिनं माळ्यावरची आईची शेवटची वाकळ काढली, धुतली, उन्हात दोन दिवस वाळवली आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर काठीला अडकवून सोडली. मला म्हणाली, "मामा, थंडीत काढून पांघरा, उन्हाळ्यात परत लावू." त्याच्या खाली तिनं साधी लाकडी फळी ठोकली आणि मुरंब्याच्या, बोर्नव्हिटाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन त्यात घरचं बियाणं भरून मांडलं. मालदांडी ज्वारी, करडई, हुलगे, मटकी, जवस, काळे तीळ, तांबडी तूर. शेजारच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं तेव्हा जवस अशी चमकते की मी चहा घेऊन तिथंच बसतो. पेरणीला त्या बाटल्या रिकाम्या होतात, सुगीला भरतात. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांना तिनं चुना आणि नीळ फासून त्यात तुळस, गवती चहा लावला आणि पायऱ्यांवर ठेवला. चेपलेला कंदील नातीनं घासला, काच नवी आणली, तीस रुपये. तो दारात टांगलाय आणि लाइट गेली की पेटतो. सगळा मिळून खर्च तीनशेच्या आत झाला असेल, त्यात चुना उरलाय.

नातीला पाहायला पाहुणे आले होते. बैठकीत बसले. कागदी विटांकडं कुणी बघितलंही नाही, त्यांच्याही घरी तोच कागद आहे म्हणे. त्यांच्यातली एक म्हातारी उठून वाकळीपाशी गेली, एक तुकडा चिमटीत धरून म्हणाली, "ह्यो खण माझ्या मावशीकडं हुता." मग अर्धा तास त्या तुकड्यावर बोलणं चाललं. लग्न काही त्यावरून जमलं नाही, पत्रिका आडवी आली. पण त्या अर्ध्या तासात घर रिकामं आहे असं कुणाला वाटलं नाही.

कागदाला एका कोपऱ्यात ओल आलीय. वरच्या दोन विटा सुटून खाली लोंबताहेत. थोरला म्हणतो, वॉरंटीत आहे. हप्ते अजून दीड वर्ष चालायचेत. ठिबकाला चिंध्या आहेतच.

आणि आता एक काम शहरातल्या वाचकांकडं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, हॉटेलात, फार्महाउसवर एखादं सागवानी दार असेल, मधोमध गणपती, दोन्ही अंगांना वेल आणि पोपट, तर डाव्या खांबाला खालून हातभर उंचीवर बघा. तिथं तिरकी खाच आहे. सात-आठ वर्षांचा असताना मी वडिलांची कुऱ्हाड चालवून बघितली होती, त्याचा मार अजून आठवतो. दार मी परत मागत नाही, विकलंय ते. फक्त त्याचं टेबल केलं नसेल तर करू नका, दारच ठेवा. आणि पॉलिश करताना ती खाच तेवढी भरू नका.